पोरगी ठणठणीत दिसतेय, मग अजून दीड वर्ष गोळ्या कशाला? घरच्यांना काय सांगू?

उदगीरचा_मोबाईलवाला:

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी सहा वर्षांची. बी-सेल एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. आधी ताप येऊन-जाऊन, मग पाय दुखतात म्हणून चालायलाच तयार नाही, सारखं "बाबा, कडेवर घ्या". पोटऱ्यांवर निळे डाग दिसले तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केली, रिपोर्ट बघून खुर्चीतून उठलेच, आणि त्याच रात्रीच्या लातूर एक्सप्रेसनं आम्हाला मुंबईला धाडलं. पुढचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. इथल्या निम्म्या लोकांना ते पाठ आहे.

इंडक्शनच्या, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याच्या, शेवटी एमआरडी (उरलेल्या रोगी पेशी शोधायची तपासणी) निगेटिव्ह आली. मधले सगळे टप्पे झाले. आता मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्या द्यायचा शेवटचा लांब टप्पा, चालू आहे. रोज रात्री सिक्स-एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (दोन्ही केमोच्याच गोळ्या), शनिवार-रविवार जंतुसंसर्ग टाळायला सेप्ट्रान, अधूनमधून मुंबईला जाऊन पाठीतलं इंजेक्शन. अजून दीड वर्षाच्या आसपास चालेल म्हणालेत.

पोरीला केस आलेत, तेही कुरळे. पहिले सरळ होते. गल्लीत सायकल फिरवते, भांडते, भाकरीवर लोणी मागून घेते. बघणाऱ्याला कुठंच आजारी वाटत नाही. घरातलं भांडण नेमकं इथंच सुरू झालंय.

माझी आई म्हणते, रिपोर्टात आजार नाही म्हणता, मग औषध कशाचं देताय? तिचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. मागच्या महिन्यात पोरीची एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ४०० पर्यंत पडली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवायला सांगितल्या. थांबवल्यावर पोरीचं तोंड आलं होतं ते बरं झालं, खायला लागली, खेळायला लागली. काउंट वर आले म्हणून परत चालू केल्या, तर परत किरकिर, परत तोंड लाल. आईनं हे स्वतःच्या डोळ्यानं बघितलंय. ती म्हणते, "डॉक्टरनंच बंद केल्या होत्या की. त्यालाबी कळतंय गोळ्यांनीच लेकरू आजारी पडतंय म्हणून." ह्याच्यावर मला काही बोलता आलं नाही.

थोरल्या चुलत्यांनी शेजारच्या गावातल्या वैद्याचा काढा आणि मेडिकलमधून रक्तवाढीची बाटली आणून ठेवलीय. बायको गोळी चुकवत नाही, पण सगळा राग तिच्यावर निघतो. बहीण बाळंतपणाला आलीय, ती मधल्या मधी अडकते. माझं दुकान मोबाईल दुरुस्तीचं, एकट्याचं. मुंबईला गेलो की शटर खाली.

मला डॉक्टरांची इंग्रजी नको आहे. आईला सांगता येईल असं कुणीतरी सांगा. आजार नाही तर गोळ्या कशाला? काउंट पाडणारं औषध मुद्दाम देत राहायचं, हे काय गणित आहे? आणि काढा, बाटली ह्यांचं काय करू? शाळेचंही विचारायचंय, पण ते नंतर.

सांगलीची_हिशेबनीस:

भाऊ, आधी तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. मेंटेनन्सचा खरा भार तिच्यावर असतो. दवाखान्यात असताना नर्स असतात, डॉक्टर असतात, सगळं गाव विचारपूस करतं. घरी आल्यावर रात्री नऊ वाजता ती गोळी, ती आई आणि ते पोर एवढेच उरतात.

माझा मुलगा आता नववीत आहे. पाचव्या वर्षी हाच आजार, हीच औषधं. औषध बंद होऊन बरीच वर्षं झाली. मी हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते, त्यामुळे घरात डायरी ठेवणं माझ्या हाडातच आहे. त्याची वही अजून कपाटात आहे. तारीख, गोळी किती, कुणी दिली, उलटी झाली का, शेवटचे काउंट. गुरुवार लाल शाईत, कारण गुरुवारी मेथोट्रेक्सेट.

ह्या गुरुवारच्या गोळीबद्दल आधी सांगते, कारण घरात माणसं जास्त आहेत म्हणालात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही गोळ्या रंगाला जवळपास सारख्या दिसतात, घरातल्या कुणी चांगल्या मनानं रोज दिली तर लेकराच्या जीवावर बेतेल. मी ती वेगळ्या डबीत, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायचे. सिक्स-एमपी स्वयंपाकघरात. दोन्ही एका डब्यात कधीच नाही.

आता तुमच्या आईंचं. माझ्या सासूबाई तुमच्या आईंच्या दोन पावलं पुढे होत्या. "पोराच्या पोटात रोज विष घालता" हे वाक्य मी किती ऐकलं त्याला गणती नाही. मी समजावून थकले. मग आमच्या मोठ्या जावेनं डोकं लावलं. म्हणाली, भांडतेस कशाला, त्यांनाच कारभारी कर. मुंबईच्या पुढच्या फेरीला सासूबाईंना घेऊन गेले. ओपीडीच्या बाकावर शेजारी बीडकडची एक बाई बसली होती, मांडीवर आठ वर्षांचा मुलगा, डोक्यावर केस नाहीत. सासूबाईंनी विचारलं, नवीन का? ती म्हणाली, नाही हो मावशी, दुसऱ्यांदा. बरा झाला म्हणून मधेच बंद केलं होतं, सोयाबीन काढणीला आलं होतं. बाई रडतबिडत नव्हती, नुसतं सांगत होती.

मी काही बोलले नाही. परतीच्या गाडीत सासूबाईंनीच विचारलं, "रात्रीची गोळी नक्की किती वाजता असते गं?" त्या दिवसापासून गोळी त्यांच्या ताब्यात. आमच्यावरच करडी नजर. एकदा लग्नाला गेलो होतो तर वऱ्हाडात सगळ्यांसमोर पर्समधून डबी काढून उभ्या राहिल्या. पोरगा लाजून लाल.

तेव्हा आईंना एकदा घेऊन जा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा फॉर्म लागतो. तुम्ही वापरतच असाल. आईंचं तिकीट वेगळं काढावं लागेल, पण ते पैसे वसूल होतात.

आणि ती रक्तवाढीची बाटली उघडली असेल तर आजच बंद करा. लेबल बघा, फॉलिक ॲसिड लिहिलेलं असणार. का नको ते इथले औषधवाले जास्त नीट सांगतील. मला आमच्या सिस्टरनी एका वाक्यात सांगितलं होतं: गुरुवारची गोळी ज्याच्याशी लढते तेच तुम्ही चमच्यानं पाजताय.

आप्पा_कराडकर:

गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस सुरू करा, प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी झरझर वाढतात. माझ्या साडूच्या पुतण्याला डेंग्यूत आठवड्यात फरक पडला. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. आणि आता तर आयआयटीवाल्यांची ती पेशींची नवी ट्रीटमेंट आलीच आहे. पुढे मागे आजार उलटला तरी ती आहे की. मग इतकी कडक औषधं वर्षानुवर्षं कशाला?

औषधाच्या_खिडकीतून:

पुण्यात कॅन्सरच्या औषधांच्या काउंटरला बसतो, बरीच वर्षं. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. मोबाईलवालेभाऊंच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत सापडतात आणि ती गोष्ट आपल्याच माणसाची आहे, म्हणून जरा मागून सुरू करतो.

यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. मद्रासला वैद्यक शिकून १९२३ साली बोस्टनला गेले, पुढे लेडर्ले कंपनीत संशोधनाचे प्रमुख झाले. बोस्टनमध्येच सिडनी फार्बर हे मुलांच्या रुग्णालयात होते. त्या काळी फॉलिक ॲसिड नवीन होतं, रक्त वाढवतं म्हणून ख्याती. ते ल्युकेमियाच्या मुलांना देऊन बघितलं, तर आजार आणखी उसळला. म्हणजे रोगी पेशींना वाढायला तेच हवं होतं. मग फार्बर उलट्या बाजूनं गेले. फॉलिक ॲसिडचं काम अडवणारं औषध सुब्बारावांच्या चमूनं तयार करून दिलं, अमिनोप्टेरिन. १९४८ साली फार्बरनी १६ मुलांची माहिती छापली, त्यातल्या १० जणांना गुण आला. तोवर अशी मुलं काही आठवड्यांत जात. मेथोट्रेक्सेट हे त्याच अमिनोप्टेरिनचं भावंड. म्हणून फॉलिक ॲसिडची बाटली नको. सांगलीच्या ताईंच्या सिस्टर बरोबर बोलल्या. हिमोग्लोबिन खरंच कमी असेल तर काय द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, चुलते नव्हेत.

आता ह्या गोष्टीतला तुमच्या आईंसाठीचा भाग. त्या मुलांचं रक्त साफ झालं, ती खेळायला लागली, घरी गेली. आणि काही महिन्यांत आजार परत आला. रक्त साफ दिसणं म्हणजे आजार गेला असं नाही, हे १९४८ मध्येच कळलं. बरं करण्याचा रस्ता सापडायला साठचं दशक उजाडलं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र दिली, मेंदूकडे लपणाऱ्या पेशींसाठी वेगळे उपचार केले (तुमचं पाठीतलं इंजेक्शन त्याच कारणासाठी आहे), आणि मग मुलं चांगली दिसत असतानाही दोन-तीन वर्षं औषध चालू ठेवलं. तेव्हा कुठं निम्मी मुलं कायमची बरी व्हायला लागली. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत दहातली नऊ होतात.

आकड्यात सांगतो. आजार सापडतो तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी रोगी पेशी असतात असं धरतात. एमआरडी निगेटिव्ह म्हणजे तपासणीत दहा हजार पेशींमागे एकही रोगी पेशी दिसली नाही. छानच रिपोर्ट आहे, पेढे वाटावेत असा. पण दहा हजारांत एकपेक्षा कमी म्हणजे शून्य नव्हे. हिशेबानं काही कोटी पेशी अजून बसलेल्या असू शकतात आणि त्या कुठल्याच मशीनला दिसत नाहीत. ह्यातल्या पुष्कळशा पेशी सुस्त असतात, एकदम वाढत नाहीत. जी पेशी वाढायला निघते तिलाच हे औषध मारतं. म्हणून ते थोडं थोडं, पण खूप दिवस द्यावं लागतं.

"कमी दिवसांत भागलं असतं का" हे कुणी करून बघितलं नाही असं समजू नका. टोकियोच्या मुलांच्या कॅन्सर गटानं १९९२ ते १९९५ या काळात सगळा उपचार एका वर्षात आटोपून बघितला. निम्म्याहून थोडी जास्त मुलं बरी राहिली, बाकीच्यांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे काही मुलांना कमी औषध पुरतं हे खरं. पण तुमची मुलगी त्यातली आहे की नाही, हे सांगणारी तपासणी नाही.

काउंटचं गणित. मेंटेनन्समध्ये काउंट थोडे खाली ठेवणं हाच हेतू असतो. एएनसी साधारण ५०० ते १५०० च्या मधे फिरत राहिली की डोस लागू पडतोय असं समजतात (आकडे प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, जरा इकडेतिकडे). ५०० च्या खाली किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या की थांबवायचं, वर आल्या की परत सुरू, बऱ्याचदा कमी डोसवर. तुमच्या डॉक्टरांनी बंद केलं ते औषध नको म्हणून नाही. थांबवणं आणि सुरू करणं दोन्ही त्याच प्रोटोकॉलच्या कागदावर आधीपासून छापलेलं असतं. उलट काउंट कायम छान वर राहिले तर आम्हालाच शंका येते की घरी गोळ्या जातायत की नाही. कमी डोसवरही वारंवार पडत असेल तर एनयूडीटी-१५ आणि टीपीएमटी ह्या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. सिक्स-एमपी पचवण्याची ताकद जन्मतः कमी असलेली मुलं असतात, आणि एनयूडीटी-१५ मधला तसा बदल युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो. अशांना थोडक्या डोसवरच गुण येतो.

गोळी चुकण्याबद्दल एक सांगून थांबतो. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांच्या गटानं सिक्स-एमपीच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवली, बाटली कधी उघडली ते तिच्यात नोंदलं जायचं. ज्या मुलांच्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या गेल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका ठळकपणे जास्त निघाला. महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की तुम्ही ९५ च्या खाली गेलात. हे वाचून वहिनींना टेन्शन नका देऊ. त्या देतायत तेच बरोबर आहे, हे सांगायला वापरा.

आप्पा, राग मानू नका. २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना यकृताची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलंय. ही मोठी माणसं होती, अंगात केमो नव्हती. इथं पोरगी आधीच दोन अशा गोळ्यांवर आहे ज्या यकृतावर ताण देतात. रक्तात यकृताचे एन्झाइम वाढले, म्हणजे यकृताला इजा दिसली, की डॉक्टर केमो थांबवतात, म्हणजे काढ्यापायी खरं औषध बुडतं.

उशिराची_कसारा_लोकल:

आप्पा, त्या "पेशींच्या नव्या ट्रीटमेंट"वर मी बोलतो, कारण मी माझ्यासाठीच तिची सगळी माहिती काढली होती.

मला १९ व्या वर्षी टी-सेल एएलएल (ह्याच आजाराचा दुसरा प्रकार) झाला, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, होस्टेलला. आता नोकरी करतो, कसाऱ्याकडून रोज खाली येतो. तुम्ही म्हणता ती सीएआर-टी, पेशंटच्याच पेशी बदलून आजारावर सोडायची ट्रीटमेंट, आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी मिळून केलेली. नेक्सकार-१९ नावानं तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, परदेशात हेच काम कोटींत जातं. पण परवानगी मिळाली ती १५ वर्षांपुढच्यांसाठी, बी-सेलचा आजार उलटलाय किंवा दाद देत नाही अशांसाठी. मी टी-सेलवाला, म्हणजे माझ्या उपयोगाची नाही. मोबाईलवालेदादांची मुलगी सहा वर्षांची. आणि खर्च तेव्हा ३०-४० लाखांच्या घरात सांगत होते. मेंटेनन्सच्या गोळ्या त्यापुढे चहापाण्याच्या खर्चात बसतात. "उलटला तर ते आहेच" असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

दादा, तुमच्या मुलीला बोलता येतं पण सांगता येत नाही, म्हणून माझ्या वयाच्या पेशंटच्या तोंडून ऐका. गोळ्या चालू असताना कसंतरी होतं हे खरं आहे. तुमची आई खोटं बोलत नाहीये. मला महिन्यातून पाच दिवस स्टिरॉइड असायचं. त्या पाच दिवसांत रात्री दोनला उठून मी डब्यातले शिळे पोहे खाल्लेत, आणि आईनं लाईट लावली म्हणून तिच्यावर ओरडलोय. सहाव्या दिवशी अंगातली हवा काढल्यासारखा पडून राहायचो. तुमच्या मुलीच्या प्रोटोकॉलमध्ये असे स्टिरॉइडचे दिवस असतील तर त्या दिवसांत तिच्या हट्टाला हट्ट समजू नका. ती नाही बोलत, औषध बोलतं.

माझ्या डाव्या खुब्याचं हाड स्टिरॉइडनं खराब झालंय. एव्हीएन म्हणतात, रक्त न पोचल्यानं हाड मरतं. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांत आणि माझ्यासारख्या कॉलेजवाल्यांत हे जास्त होतं, लहान मुलांत कमी. तरीही पाय दुखतो म्हणाली तर "आजार परत आला" म्हणून घाबरू नका आणि "नाटक करते" म्हणून सोडूनही देऊ नका. सांगा डॉक्टरांना.

हा धागा माझ्या वयाच्या कुणाच्या घरचे वाचत असतील तर दोन गोष्टी. कॉलेजच्या वयातल्या पेशंटला मुलांच्या पद्धतीचा प्रोटोकॉल चालेल का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. फ्रान्स आणि अमेरिकेत एकाच वयाच्या पेशंटची तुलना झाली, तेव्हा मुलांच्या पद्धतीनं उपचार झालेले जास्त वाचले होते. कुणाच्या वॉर्डात दाखल झालात ह्यावर एवढं अवलंबून असू शकतं, हे मला अजून पचत नाही. दुसरं, केमो सुरू व्हायच्या आधी स्पर्म बँकेबद्दल विचारा. माझ्या वेळी ते वडिलांनीच विचारलं, माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. वडिलांबद्दल मला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं.

उदगीरचा_मोबाईलवाला:

सगळ्यांचे आभार. खरं तर आभार हा शब्द कमी पडतोय, पण दुसरा सुचत नाही.

काल रात्री जेवणं झाल्यावर आईला आणि अण्णांना, म्हणजे वडिलांना, सगळं वाचून दाखवलं. ते काही कोटी पेशी उरतात तिथं अण्णा थांबा म्हणाले. दोनदा वाचायला लावलं. मग आईला म्हणाले, "कुंद्यासारखंच की. वरून रान साफ दिसतंय, खाली गड्डा तसाच." आमच्याकडं काळ्या रानात कुंदा माजला की पिढ्या जातात काढण्यात, त्यामुळं पुढं काही समजवावं लागलं नाही. आई एकदम पटलं असं म्हणाली नाही. पण पुढच्या फेरीला येते म्हणाली. बाटली चुलत्यांना परत दिली. ते फुगलेत, फुगू देत.

आता उरलेले प्रश्न. दूध पिऊन गोळी चालत नाही असं वॉर्डात सांगितलं होतं आणि पोरगी दुधाशिवाय गोळी घेतच नाही, त्यावरून रोज रात्री रडारड. डोस असा आहे की काही दिवस अर्धी गोळी तोडावी लागते, ती बहीणच तोडून ठेवते. शाळेचं काय? आणि सीबीसीसाठी दर वेळी मुंबईलाच जायचं का?

औषधाच्या_खिडकीतून:

बहिणीला आजच थांबवा! गरोदर बाईनं सिक्स-एमपी किंवा मेथोट्रेक्सेटला हात लावायचा नाही, तोडायची तर अजिबात नाही. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून, गोळ्या तोडायच्या वेगळ्या कटरनं तोडावी. सुरी-पोळपाटावर नको. आजवर हाताळल्याचं तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, तेवढं पुरे. डोस जमत असेल तर "अमुक वारी एक, तमुक वारी अर्धी" असं लिहून मागा, तोडणं कमी होतं.

दुधाचं: दुधातला एक घटक सिक्स-एमपी मोडतो म्हणून तसं सांगायची पद्धत होती. नंतर भाटियांच्याच गटानं तपासलं, तर दुधासोबत घेणाऱ्यांत आजार जास्त उलटला असं दिसलं नाही. रोज ठरल्या वेळी पोटात जाणं महत्त्वाचं. दुधाशिवाय जात नसेल तर दुधासोबत जाऊ दे, फक्त पुढच्या भेटीत डॉक्टरांना तसं सांगून ठेवा.

सांगलीची_हिशेबनीस:

सीबीसी आम्ही सांगलीतच करायचो आणि रिपोर्ट मुंबईला पाठवायचो, ते फोनवर डोस सांगायचे. तुम्हीही विचारून घ्या. लॅब मात्र एकच ठेवा आणि एएनसी लिहून मागा, नुसता टोटल काउंट नको.

शाळेत जरूर घाला. आमचा जायचा, मधल्या सुट्टीत घरचा डबा आणि उकळलेलं पाणी. बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं की वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी मला फोन. कांजिण्या झालेल्या मुलाशेजारी बसली असं कळलं की पुरळ यायची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटलला फोन, कारण त्यावर जे द्यायचं ते लगेच द्यावं लागतं. तापाचंही तेच. १००.४ दिसला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघणं नाही. लातूरला रात्री कुणाकडे जायचं, तिथं अँटिबायोटिकचं सलाईन लागेल का, हे आत्ताच ठरवून, मुंबईच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फाईलला लावून ठेवा.

उदगीरचा_मोबाईलवाला:

बहिणीला सांगितलं. आता मी तोडतो, दुकानातले हातमोजे आहेतच.

एक राहिलं. धाकटा दीड वर्षाचा आहे. येत्या रविवारी पल्स पोलिओ आहे, आशाताई कालच सांगून गेल्या. त्याला डोस पाजला तर चालेल ना? डोस त्याला आहे, पोरीला नाही.

औषधाच्या_खिडकीतून:

बरं झालं विचारलंत. तोंडातून पाजायच्या डोसात जिवंत विषाणू असतो, तो बाळाच्या शीतून बाहेर पडतो आणि घरातल्या केमोवरच्या मुलाला बाधू शकतो. म्हणून धाकट्याला थेंब नकोत, पोलिओचं इंजेक्शन द्यायचं. उद्या ओपीडीला फोन करून तशी चिठ्ठी व्हॉट्सॲपवर मागवा आणि आशाताईंना दाखवा, नाहीतर रविवारी बूथवर नाही आणलंत म्हणून सोमवारी दारात येतील, त्यांचं कामच आहे ते.